भूत खरं ठेवायचं की खोटं?

प्रश्न थोडक्यात असा. एका शिक्षिकेने दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहिली आहे. वेंगुर्ला तालुक्यातलं आजोळ, मे महिन्याची सुट्टी, मुंबईहून आलेली तीन आते-मामेभावंडं, माळ्यावरचे आवाज आणि विहिरीजवळच्या पिंपळावरचा मुंजा. शेवटी कळतं की घर विकायला लावण्यासाठी धाकटे मामाच हे सगळं घडवून आणत होते. प्रकाशकांना हा शेवट पसंत आहे, कारण त्यातून अंधश्रद्धा पसरत नाही. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मुलं मात्र हिरमुसली. "म्हणजे भूत नव्हतंच?" बाई विचारतात, कुणाचं ऐकू? आणि अकरा वर्षांच्या मुलाला किती घाबरवलेलं चालतं?

मी बरीच वर्षं किशोरांसाठीची हस्तलिखितं संपादित करतो आहे आणि त्यांत भुताखेतांची नेहमीच भरपूर असतात. त्या अनुभवावरून सांगतो.

बाई, मुलांचंही बरोबर आहे आणि प्रकाशकांचंही. तुमच्या कादंबरीत दोन प्रश्न आहेत. माळ्यावर आवाज कोण करतं, हा रहस्यकथेचा प्रश्न. त्याचं उत्तर तुम्ही चोख दिलंत. दुसरा प्रश्न भूतकथेचा: मुंजाला काय हवंय? तो तुम्हीच पहिल्या प्रकरणात आजीच्या तोंडून उभा केलात आणि शेवटी रद्द करून टाकलात. तुमच्याएवढाच एक मुलगा विहिरीपाशी कुणाची तरी वाट बघत उभा असतो, असं मुलांनी शंभर पानं ऐकलं. मग मामा पकडले गेले आणि तो मुलगा त्यांच्या बॅटरीबरोबर विझून गेला. त्याचं काय झालं, ते कुणी सांगितलंच नाही. मुलं हिरमुसली ती त्यासाठी.

हा वाद फार जुना आहे. ॲन रॅडक्लिफच्या १७९४ सालच्या 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो'मध्ये एका काळ्या पडद्यामागे काहीतरी दिसतं आणि नायिका बेशुद्ध पडते. ते काय होतं, हे कादंबरी संपत आल्यावर कळतं: मेणाची आकृती. अशा खुलाशांनी वाचकाचा विरस होतो, अशी तक्रार पुढे वॉल्टर स्कॉटनेही केली. याउलट १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्कूबी-डू'मध्ये भुताचा मुखवटा ओढला की आत हटकून ओळखीचा माणूस निघायचा आणि पोरं खूश व्हायची. तिथे ते चालून जातं, कारण त्या भुतांना नाव-गाव नसतं, आई-वडील नसतात, कुणी त्यांच्यात जीव गुंतवलेला नसतो. तुमच्या मुंजाला आई आहे. ती रोज संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर दिवा ठेवायची, असं आजी सांगते. इतकं दिल्यावर त्याला मुखवट्यासारखं काढून टाकता येत नाही.

म्हणून माझा सल्ला: मामांचा उलगडा आहे तसाच ठेवा, एक पुरावाही कमी करू नका. पण मुंजाचंही एक रहस्य करा आणि तेही मुलांनीच, मोठ्यांच्या मदतीशिवाय, कागदपत्रांतून सोडवू दे. तो कोण होता, कशाने गेला, घरात त्याचं नाव कुणीच का घेत नाही? या तिन्हींची उत्तरं पक्की द्या. तो अजून तिथे आहे का, एवढाच एक प्रश्न उघडा राहील. तो उघडा राहिलेला मुलांना चालतो. उलट त्यावर ती मधल्या सुट्टीत भांडतात, आणि तेच तर आपल्याला हवं आहे.

हे रहस्य सोडवायला जागा तुमच्याच गावात आहे: शाळेचं जनरल रजिस्टर. तुम्हाला ते मी सांगायला नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी प्राथमिक शाळांनी शंभरी ओलांडली आहे आणि हे रजिस्टर कायम जपून ठेवायचं असतं. मुलाचं नाव, जन्मतारीख, कुठल्या इयत्तेत दाखल झाला, आणि शेवटी एक रकाना: शाळा सोडल्याचे कारण. मुलं घरातल्यांची नावं शोधायला म्हणून पानं उलटतात, कारण त्यांच्या आजोबांची शाळा तीच. वर जिल्हा 'रत्नागिरी' लिहिलेला बघून मधला म्हणतो, हे रजिस्टर इथलं नाहीच. मग मोठीला आठवतं की सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. अशा छोट्या खडखडाटातून मुलांना आपण खरोखर तपास करतोय असं वाटतं. आणि मग खाली, आडनाव आजोबांचंच असलेली एक नोंद. वय बारा. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: मयत. तारीख ऑक्टोबर १९१८.

ही तारीख मी मुद्दाम सुचवतोय. १९१८ च्या इन्फ्लुएंझाची दुसरी, भयंकर लाट त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंबईतून देशभर पसरली. भारतात त्या साथीने एक कोटीहून जास्त माणसं गेली. आता मोठी मुलगी बोट खाली सरकवते तर त्याच महिन्यात, त्याच अक्षरात, तोच शब्द आणखी चार नावांपुढे. हे पान वाचताना वर्ग जितका गप्प होईल तितका पिंपळावरच्या पांढऱ्या आकृतीने होणार नाही. शिवाय आताच्या मुलांनी कोविडमध्ये शाळा बंद पडलेल्या पाहिल्या आहेत किंवा घरात त्याबद्दल ऐकलं आहे. त्यांना हा धागा समजावून सांगावा लागत नाही.

नाव का घेत नाहीत, याचंही उत्तर याच धाग्यात मिळतं. मामा ज्या वाटणीच्या कागदांसाठी धडपडतायत, त्यातल्या वंशावळीत फक्त वारसा पुढे नेणारे पुरुष आहेत. बाराव्या वर्षी गेलेल्या मुलाची त्या कागदाला गरज नाही, त्यामुळे तो त्यात नाही. मामांचं रहस्य आणि मुंजाचं रहस्य एकाच कागदावर येऊन भेटतात. इथे दोन कथा एकमेकींना चिकटतात. सध्याच्या मसुद्यात त्या शेजारी-शेजारी चालतात.

आता थोडं तंत्राचं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक भूतरहस्यकथा एका ठिकाणी ढासळतात. शेवटी पानभर खुलासा होतो, पण मागे जाऊन ताडून पाहिलं तर निम्मे प्रसंग त्यात बसत नाहीत. म्हणून लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. प्रत्येक भीतिदायक प्रसंगापुढे लिहा: हे प्रत्यक्षात कुणी केलं, त्या वेळी तो कुठे होता, मुलांना त्याचा माग कुठल्या प्रकरणात दिसतो. तुमच्या कादंबरीत असे सात-आठ प्रसंग आहेत. एक सोडून सगळे रकाने भरलेले हवेत. एक मुद्दाम रिकामा ठेवा.

तो कुठला ठेवायचा, तेही सांगतो. सहाव्या प्रकरणात धाकटी झोपेत चालत विहिरीकडे जाते. कठडा एका बाजूने ढासळलेला आहे. मागून कुणीतरी तिला हाक मारतं आणि ती थांबते. तुमच्या मसुद्यात ही हाक मामांची निघते. तिथून मामांना उचला. त्या रात्री ते कुडाळला जमिनीच्या दलालाकडे गेलेले असू देत. नवव्या प्रकरणात त्यांच्या शर्टाच्या खिशात मुलांना एसटीचं तिकीट सापडतंच; त्यावर तारीख आणि वेळ छापलेली असते. त्या तिकिटाने मुलं मामांचं खोटं पकडतात. पण तेच तिकीट हेही सिद्ध करतं की हाक मारणारे मामा नव्हते. पुस्तकात हे कुणीही बोलून दाखवायचं नाही. ज्या मुलाने नीट वाचलंय त्याला ते रात्री अंथरुणात पडल्यावर कळेल, आणि तो उठून सहावं प्रकरण पुन्हा काढेल.

हा प्रसंग निवडण्याचं आणखी एक कारण आहे. ती हाक धाकटीला वाचवते. लहान वाचकासाठी भुताचं काहीतरी उरवायचं असेल तर ते आधार देणारं असावं, असं माझं ठाम मत आहे. खुलासा झाल्यावर शेवटच्या ओळीत झोपाळा आपोआप हलला, खिडकीत कुणीतरी हसलं, असले शेवट मी सरसकट कापतो. त्यांची आधी काहीच पेरणी नसते. लेखकाला दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा असतो, एवढंच.

घाबरवण्याच्या भाषेबद्दल. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात हे आहे: 'वाड्यात भयाण शांतता पसरली होती. अचानक माळ्यावरून विचित्र आवाज आला. सर्वांच्या अंगावर काटा उभा राहिला. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना.' यातल्या एकाही शब्दाने काही दिसत नाही, ऐकूही येत नाही. मुलांना घाबरायला सांगितलंय, घाबरण्यासारखं काही दिलेलं नाही. हाच प्रसंग असा करून बघा:

'माळ्यावर कुणीतरी नारळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लोटत होतं. एक गडगडत गेला. थांबला. मग दुसरा. "उंदीर असतलो. झोपा," आजी म्हणाली आणि पानाला चुना लावू लागली. पण सुपारी तिने कातरलीच नाही. अडकित्ता उघडा धरून ती वर बघत राहिली.'

इथे 'भीती' हा शब्दच नाही. मुलं आजीच्या हातांकडे बघतात. घरातलं सगळ्यात धीराचं माणूस काम करता करता थांबलं, की मुलाला पुढचं सांगावं लागत नाही. तुमच्याकडे आजी उत्तम उतरली आहे, तिचा असा उपयोग करा. आवाजाला नेहमी वस्तू द्या: नारळ, रहाटाची कडी, पत्र्यावर पडणारी सुपारी. आणि मालवणी बोली वापरायला कचरू नका. मुंबई-पुण्याच्या मुलाला एखादा शब्द अडला तरी संदर्भाने कळतो.

खोट्या भुतांची कारणं निवडताना मात्र निसर्गाशी प्रामाणिक राहा. माळ्यावरच्या पावलांना उदमांजर चालेल. ते रात्री फिरतं, जुन्या कौलारू घरांच्या माळ्यावर मुक्काम करतं आणि चांगलं वजनदार असतं. पिंपळावरच्या पांढऱ्या तोंडाला गव्हाणी घुबड चालेल. त्याचा चेहरा फिकट, बदामाच्या आकाराचा, उडताना पंखांचा आवाज जवळपास नाही, आणि ते घुमत नाही, किंचाळतं. रात्री तो आवाज एकदा ऐकलेला माणूस हडळीच्या गोष्टींवर हसणार नाही. पण तुम्ही बागेत उजळणारी लाकडं घातली आहेत, तिथे अडचण आहे. ही चमक कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशींची असते. भीमाशंकरच्या जंगलात आणि गोव्याच्या म्हादई भागात लोक ती बघायला जातात, पण पावसाळ्यात. तिला ओल लागते. तुमची गोष्ट मे महिन्यात घडते. तेव्हा बागेत पाचोळा करकरत असणार.

मला विचाराल तर गोष्टच गणपतीत न्या. मे महिन्याची सुट्टी आणि आजोळ फार वापरून झालंय. गणपतीला कोकणातलं घर भरतं: काका, आत्या, मामा, वर्षभर न बोलणारे भाऊही एका पंगतीला बसतात, म्हणजे संशयितांची रांग आयती उभी. पावसाने वीज जाते. रात्री भजनं असतात, त्यामुळे मोठी माणसं घराबाहेर आणि मुलं एकटी मागे राहणं ओढूनताणून आणावं लागत नाही. वाटणीचा विषयही अशाच वेळी निघतो. चमकणारी बुरशीही मग खरी ठरते. आणि गणपती उरकले की पितृपक्ष सुरू होतो, गेलेल्यांची नावं घेण्याचे दिवस. तुमच्या बारा वर्षांच्या मुलाचं नाव घरात पुन्हा उच्चारलं जाण्यासाठी याहून योग्य वेळ नाही. विधीचं वर्णन मात्र टाळा. मोठीने भिंतीवरच्या वंशावळीत आपल्या अक्षरात ते नाव लिहावं आणि आजीने तिला अडवू नये, एवढं पुरे.

किती घाबरवावं? अकरा वर्षांच्या मुलाला अंधार, आवाज, विहीर, बंद खोली, मेलेल्याची गोष्ट हे सगळं झेपतं, आवडतं. आपल्याकडे या वयाची मुलं वाचनालयातून मोठ्यांसाठीच्या गूढकथा आणून पांघरुणात वाचत आली आहेत. त्यांना झेपत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या आहेत: ज्यातून सुटकाच नाही असा शेवट, शरीराच्या चिरफाडीची वर्णनं, आणि आपल्या माणसाने केलेला घात. तुमच्या कादंबरीतली सगळ्यात भीतिदायक गोष्ट मुंजा नव्हे. जो मामा दिवसा खांद्यावर घेऊन तळ्यावर नेतो, तोच रात्री आपल्याला घाबरवतो, ही आहे. सध्या हे तुम्ही दीड पानात गुंडाळलंय: मामा पकडले गेले, आजोबा रागावले, सगळे हसले. मुलांना इथे वेळ द्या. मामांवर कर्ज असेल, त्यांना मुलांना इजा करायची नव्हती, धाकटी विहिरीपर्यंत गेली होती हे कळल्यावर ते मटकन खाली बसले, हे दाखवा. आणि मधल्याने त्यांना लगेच माफ करू नये. त्याने त्यांच्याकडचा लाडू घेतला नाही तरी चालेल. मुलांना हे कळतं, फार नीट कळतं.

बाकी प्रमाण सांभाळायचे दोन-तीन साधे उपाय आहेत. एकामागोमाग तीन भीतीचे प्रसंग आले की वाचक बधिर होतो. मध्ये स्वयंपाकघर, घावणे, भावंडांची भांडणं येऊ देत. मुलं कधीही पूर्ण एकटी नसावीत. निदान एकमेकांचा हात हाती असावा. गोष्ट मोठीच्या तोंडून, 'त्या वर्षी आम्ही' अशी भूतकाळात सांगितली तर ती यातून सुखरूप बाहेर पडली हे वाचकाला पहिल्याच ओळीत कळतं आणि त्या भरवशावर तो जास्त अंधार सोसतो. प्रकरणाच्या शेवटी धक्का द्यायला हरकत नाही, पण पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत 'ते मांजर होतं' असं दोनदा झालं की मूल तिसऱ्या वेळी घाबरत नाही. ते फक्त पान उलटतं.

प्रकाशकांच्या काळजीकडे वळतो, कारण ती रास्त आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कित्येक वर्षं केलेल्या मागणीनंतर आणि त्यांच्या खुनानंतर. आपण ज्या राज्यात लिहितो तिथे भूत ही फक्त करमणूक नाही. सातपुड्यात नंदुरबारकडे डाकीण ठरवून बायकांना मारझोड झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. त्यामुळे काही गोष्टी मी कुठल्याही हस्तलिखितात राहू देत नाही. मांत्रिकाचा उपाय लागू पडलेला दाखवायचा नाही. अंगारा, लिंबू, उतारा यांनी संकट टळायचं नाही. तुमच्याकडे तिसऱ्या गल्लीतली एकटी राहणारी म्हातारी आहे, जिला गावची मुलं चेटकीण म्हणतात. ती केवळ वातावरणासाठी असेल तर काढून टाका. ठेवायची असेल तर तिला गोष्टीत जागा द्या. १९१८ ची आठवण तिच्या सासूकडून तिच्यापर्यंत आलेली असू शकते, आणि मुलांना शाळेच्या रजिस्टरकडे धाडणारी तीच असू शकते. मग मुलांनी तिला काय म्हटलं होतं, याची लाज त्यांना आपोआप वाटेल, तुम्ही एक शब्दही न सांगता.

जातीचंही भान हवं. जुन्या समजुतींत कुठल्या जातीधर्माचा माणूस मेला की त्याचं कुठलं भूत होतं, याची वाटणी ठरलेली असे, आणि ओंगळ, क्रूर भुतं बहुतेक करून खालच्या मानलेल्या जातींच्या किंवा परधर्मीयांच्या वाट्याला येत. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते, हीही तसलीच एक समजूत; जिला वाचवता आलं नाही, तिलाच पुढे घाबरायचं. लोककथेतलं भूत उचलताना हे सामान तपासून घ्यावं. मुंजाची निवड या बाबतीत तुलनेने निर्धोक आहे, कारण वाचक त्याच्याच वयाचा असतो. तरी तुमच्या गोष्टीत 'मुंजा' हे गावाने दिलेलं नाव राहू दे, आणि रजिस्टर सापडल्यानंतर मुलांनी त्याला त्याच्या खऱ्या नावानेच हाक मारावी.

देवचाराचं चौथं प्रकरण मला फार आवडलं, पण ते या पुस्तकातलं नाही. सीमेवर रात्री फिरणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा राखणदार, त्याच्यासाठी ठेवलेल्या वहाणा, हे इतकं समृद्ध आहे की त्याची स्वतंत्र गोष्ट व्हायला हवी. इथे तो आला की धाकटीला हाक कुणी मारली, याचं आयतं उत्तर मिळतं आणि मुंजा पुन्हा मागे पडतो. ते प्रकरण बाजूला काढून ठेवा, फेकू नका. ते काढल्यावर पुस्तक शंभर-सव्वाशे पानांत बसेल, जे या वयाला योग्य आहे.

नवा मसुदा झाला की पुन्हा वर्गात वाचा, पण या वेळी सगळं नको. तिसरं, सहावं आणि रजिस्टरचं प्रकरण पुरे. वाचताना चुळबुळ कुठे थांबते ते बघा आणि पेन्सिलने समासात खूण करा. मुलं खिदळली तर लगेच तो प्रसंग पाडू नका. या वयात भीतीने हसू येतं. जांभई आली तर मात्र कापा. मुखपृष्ठावर पांढरी आकृती, लाल डोळे, कवटी असलं काही नको, असं चित्रकाराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रकाशक तेच करायला लावतील. विहिरीचा ढासळलेला कठडा आणि त्यावर एक पणती काढायला सांगा.